निळं झालेलं कोकण

बाबा यंदा रिटायर झाले. म्हणजे आता अँटॉप हिलचं क्वार्टर सोडायचं! सीजीएस कॉलनीत वाढलेल्यांना हा सीन पाठ असतो. बदलापूरच्या वन बीएचकेत काय न्यायचं, यावर घरात रोज मीटिंग. सोफा बाद, शोकेस बाद... भांडण झालं ते हॉलमधल्या फ्रेमवरून.

फ्रेममध्ये एका वॉटरकलरचा प्रिंट आहे, दादरच्या फुटपाथवरून घेतलेला. कौलारू घर, भातखाचरं, तांबडी पायवाट. निदान तेव्हा ती तांबडी होती. छपाईत निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार रंग असतात. उन्हात आधी पिवळा आणि गुलाबी उडतात. खिडकीसमोर वीस वर्षं काढल्यावर आमचं सगळं कोकण निळं झालंय. शाबूत आहे ती फक्त घराची पांढरी भिंत. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे बहुतेकदा कोरा सोडलेला कागद, मग उडणार काय?

मी नवा प्रिंट घेऊ म्हटलं. पुण्याच्या मिलिंद मुळीकांचं वॉटरकलरचं पुस्तकसुद्धा आणून दाखवलं. बाबांनी एकेक पान निरखून पाहिलं. ‘‘सुंदरच आहे रे. पण हे आपलं घर नाही.’’

‘‘अहो, तेही आपलं नाही!’’ आई किचनमधून. ‘‘आपलं अंगण उजवीकडे होतं.’’

राजापूरकडचं ते घर वाटण्यांत केव्हाच विकलं गेलं. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

परवा बाबा एकटेच बदलापूरला जाऊन आले. कुठल्या भिंतीवर ऊन येत नाही, ते बघायला.