गळ टाकण्याआधी तळ पाहा

मेडशीच्या माणसाने बर्फावरच्या मासेमारीविषयी लिहावे, हे पाहून काही मंडळी हसतील. आमच्याकडे बर्फ दिसतो तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात, नाही तर मासळीवाल्याच्या पेटीत. पण पाणी उथळ असले की ते कॅनडातले असो की मालेगाव तालुक्यातले, त्याचे दुखणे एकच असते. ही गोष्ट मला एका यंत्रामुळे कळली आणि त्याच्या आधी एका नुकसानीमुळे. दोन्ही सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या शेततळ्यात मासे असतील तर उपयोगी पडेल.

आधी नुकसान. माझे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि भरले म्हणजे ३ मीटर खोल. तळाला प्लास्टिकचा कागद आहे. हरभऱ्याला दोन पाणी मिळावेत म्हणून ते केले. पाणी आहेच तर मासे का नको, म्हणून कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडले. वर्षभरात मासे हातभर झाले. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात सलग चार दिवस झड लागली. सूर्य म्हणून दिसला नाही. पाचव्या दिवशी पहाटे आमच्या घरची मंडळी शेण टाकायला बाहेर गेली होती, ती धावतच आत आली. म्हणाली, "अवो, मासे वर तोंडं काढून बसले हायत. चला पाहा बरं."

मी बॅटरी घेऊन गेलो. शेकडो तोंडे पाण्याबाहेर उघडझाप करत होती. मी म्हटले, पावसामुळे चार दिवस नीट खाद्य पडले नाही, भूक लागली असेल. आणि कोंडा-पेंडेचे अर्धे पोते तळ्यात रिकामे केले. ती म्हणाली, "खाद्याले तर कोनी तोंड लावून नाही राह्यलं." मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. तळे जवळजवळ रिकामे झाले. खड्डा खणून मासे पुरले. गावात दुर्गंधीचा बोभाटा झाला तो वेगळाच.

पुढे समजले ते असे. पाण्यात हिरवे शेवाळ असते, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. उन्हात ही हिरवी वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र मासे, शेवाळ, तळाचा कुजलेला गाळ, सगळेच तो प्राणवायू खर्च करतात. म्हणजे दिवसा कमाई आणि रात्री खर्च. शिल्लक सगळ्यात कमी राहते ती सूर्य उगवायच्या आधी. चार दिवस ऊन नाही म्हणजे चार दिवस कमाई नाही. माझे मासे भुकेले नव्हते, त्यांचा श्वास कोंडला होता. आणि मी जे पोते ओतले ते कुजायला लागले, त्याने उरलासुरला प्राणवायूही खाल्ला.

आता यंत्र. माझा पुतण्या कॅनडात विनिपेग शहरी नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला आला, तेव्हा पिशवीतून वीतभर लांबीचा एक डबा काढला. डब्याला पडदा आणि लांब वायरीच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. म्हणाला, "काका, हे मासे दाखवते." तळे रिकामे झाल्यावर मी पुन्हा बीज सोडले होते आणि किती जगले ते मला कळत नव्हते. मी मनाशी ठरवूनच टाकले की असले एक घ्यायचे. डॉलरचे रुपये केले तर पाच-सहा क्विंटल सोयाबीन जात होते. तरी म्हटले, जाऊ दे.

तिकडे हे कशाला लागते ते आधी त्याच्याकडून ऐकले. त्याच्या शहराच्या उत्तरेला विनिपेग सरोवर आहे. आपल्या वाशीमसारखे चार जिल्हे त्यात सहज मावतील, पण सरासरी खोली साधारण १२ मीटरच. एवढ्या पसाऱ्याच्या मानाने ते उथळच. हिवाळ्यात वरून गोठते, तरी तळाशी पाणी राहते. कारण पाणी सगळ्यात जड असते ते ४ अंशाला. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. बर्फाच्या छपराखाली मासे जिवंत राहतात. लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात, गळ सोडतात आणि शेजारी हा गोळा सोडून बसतात.

गोळा पाण्यात आवाजाचा ठोका मारतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पाण्यात मात्र सुमारे १,५०० मीटर. ठोका तळाला आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून यंत्र खोली सांगते. तीन मीटरच्या तळ्यात जाऊन-येऊन सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आपटला की मागे फिरतो, म्हणून मासा पडद्यावर उमटतो. जपानच्या नागासाकीकडील फुरुनो बंधूंनी १९४८ साली असे कामाचे यंत्र समुद्रावरच्या मासेमारीसाठी तयार केले. आता ते हातात मावते.

मी विचारले, "घ्यायचे तर कोणते घ्यावे?" त्याने उथळ पाण्याच्या हिशेबाने चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, आवाजाचा झोत. गोळ्यातून आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो. खोल पाण्यात शंकू आपोआप मोठा होतो, उथळ पाण्यात तो रुंद व्हायला जागाच नसते. म्हणून उथळ पाण्याला रुंद कोनाचा गोळा घ्यावा. २० अंशांचा शंकू १२ मीटरवर चार मीटरांहून रुंद वर्तुळ पाहतो. तीन मीटरवर मात्र मीटरभरच. ९ अंशांचा असेल तर अर्धा मीटरसुद्धा नाही.

दुसरी, ठोका किती आखूड आहे. ठोका सेकंदाचा हजारावा भाग चालला तर पाण्यात तो दीड मीटर लांब होतो आणि पाऊण मीटरच्या आत असलेल्या दोन वस्तू यंत्राला एकच दिसतात. तळाला चिकटलेला मासा तळातच मिसळून जातो. ठोका दहापट आखूड असेल तर हे अंतर सात-आठ सेंटिमीटरवर येते. उथळ पाण्यात मासा तळापासून दूर राहणार तरी किती? म्हणून हे पाहूनच यंत्र घ्यावे.

तिसरी, आवाज कमी करता आला पाहिजे. उथळ पाण्यात ठोका तळ आणि बर्फ यांच्यात दोन-दोनदा आपटतो आणि पडद्यावर एका तळाचे दोन तळ दिसतात. आणि चौथी, थंडीत बॅटरी लवकर बसते व काही पडदे सुस्त होतात. ते आपल्याला लागू नाही. आपल्याकडे उन्हात पडदा दिसतो की नाही, हे पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी जोडली. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधली, फळीला गोळा लटकवला आणि दोन काठांवरून दोन दोर धरून ट्यूब ओढत राहिलो. एप्रिल असल्याने पाणी दोन मीटरवर आले होते. घरची सगळी मंडळी काठावर जमली. जवळचा तलाव करणारे एक म्हातारे भोई बाबाजीही फेकायचे जाळे खांद्यावर घेऊन पाहायला आले.

पडद्यावर तळ आला, स्वच्छ. मधे एखादी कमान उमटे, पुतण्या म्हणे, "हा मासा." तासाभरात अकरा कमानी झाल्या. माझा चेहरा पडला. एवढे बीज सोडले आणि अकराच उरले?

बाबाजींनी विचारले, "हे यंत्र किती रुंद पाह्यते, बापू?" पुतण्याने हिशेब केला, दोन मीटर पाण्यात सत्तर सेंटिमीटर. म्हातारा हसला. "म्हंजे परातीएवढं. इतल्या तळ्यात परातीएवढं पाहून काय समजते?" मग त्यांनी विचारले, "कटला कुठं राह्यते? वर. तुह्या गोळ्याच्या बरोबरीनं. मृगळ कुठं? चिखलात तोंड घालून. मंग तुले दिसला कोन? मधातला रोहू."

पुतण्या काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबाजी म्हणतात ते खरं आहे काका." गोळ्याच्या अगदी जवळचे यंत्राला दिसत नाही, तळाला टेकलेले नीट दिसत नाही. शिवाय ट्यूबच्या सावलीने उथळ पाण्यातला मासा दूर पळतो. तिकडे बर्फावर माणूस एका जागी थांबतो आणि आपल्या गळापाशी मासा आला का, एवढेच पाहतो. तळ्यातले मासे मोजायचे ते यंत्रच नव्हे. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळे.

बाबाजींनी जाळे फिरवून फेकले. तीन ठिकाणी तीन वेळा. तिन्ही जातीचे मिळून बत्तीस मासे आले. तराजूत घालून वजन केले आणि परत सोडले. जाळ्याने सांगितले ते पडदा सांगू शकला नव्हता: मासे भरपूर आहेत, पण वाढ कमी आहे.

त्या रात्री अंगणात बसलो असता पुतण्याने जे सांगितले ते मला यंत्रापेक्षा मोलाचे वाटले. तिकडे बर्फावर जाणारा माणूस आधी मासे पाहत नाही, बर्फाची जाडी पाहतो. पायी चालायला निदान दहा सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. मोजल्याशिवाय पुढे गेलेले लोक बर्फ फुटून बुडतात. आणि दुसरे म्हणजे, तिकडच्या लहान, उथळ तळ्यांत एखाद्या हिवाळ्यात सगळे मासे मरतात. बर्फावर हिम साचले की खाली उजेड जात नाही, वनस्पती प्राणवायू करत नाहीत, बर्फामुळे हवाही लागत नाही. तळाचा गाळ मात्र प्राणवायू खातच राहतो. वसंतात बर्फ वितळला की काठाला पांढऱ्या पोटांची रांग.

मी ऐकतच राहिलो. तिकडे हिमाचे झाकण, इकडे झडीचे ढग. उथळ पाण्यात साठाच थोडा, म्हणून कमाई थांबली की दिवाळे लवकर निघते. ते महागडे यंत्र माझ्याकडे त्या भाद्रपदात असते, तर पडद्यावर मला भरपूर मासे दिसले असते आणि मी समाधानाने झोपलो असतो. मासे आहेत, हे त्याने सांगितले असते. त्यांचा श्वास कोंडतो आहे, हे नाही.

म्हणून वाचकहो, तीन मीटरच्या शेततळ्यासाठी मासे दाखवणारे यंत्र घेऊ नका. मोठा तलाव ठेक्याने करणाऱ्या संस्थेने, पाण्याखाली झाडांची खोडे, खड्डे, गाळ कुठे आहे ते पाहण्यासाठी घेतले तर गोष्ट वेगळी. त्यांनी वर सांगितलेल्या गोष्टी पाहून घ्यावे. आपल्याला लागतात त्या वस्तू घरातच आहेत.

एक बांबू घ्या, त्यावर फूट-फूट अंतरावर रंगाच्या खुणा करा. तो काठावरूनच, टोक बोथट करून टेकवा, कागद फाटू देऊ नका. गाळ किती साचला ते दरवर्षी कळेल. तळ्याच्या चारही बाजूंना खुंट्यांना गाठी मारलेले दोर सोडा आणि एक ट्यूब कायम पाण्यावर ठेवा. ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या पोराला वर येता येत नाही. तिकडे बर्फाची जाडी, तशी इकडे ही दोरी. ती आधी, मासे नंतर.

डब्याचे वीतभर रुंदीचे झाकण घ्या, त्याचे चार भाग करून काळा-पांढरा रंग द्या, मधोमध दोरी बांधा. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली समुद्राचे पाणी असेच तबकडीने तपासले होते. दुपारी झाकण हळूहळू सोडा आणि ज्या खोलीवर ते दिसेनासे होईल ती मोजा. ३० ते ४० सेंटिमीटर आले तर पाणी ठीक. २० च्या आत आले तर शेवाळ फार झाले. खाद्य आणि शेणखत थांबवा, जमल्यास ताजे पाणी सोडा. ढगाळ दिवसांत पहाटे तळ्यावर चक्कर मारा. मासे वर तोंड काढून असतील तर खाद्य मुळीच टाकू नका. मोटर लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात उडवा, हवा मिसळू द्या. आणि महिन्यातून एकदा जाळे टाकून वीस-एक मासे वजन करा, त्यावरून खाद्य ठरवा.

पुतण्या गेला, यंत्र घेऊन गेला. पाच-सहा क्विंटल सोयाबीन वाचले, त्यातून पाणी उडवायची लहान मोटर घेतली. झाकण आमच्या घरच्या मंडळींच्या ताब्यात आहे. या श्रावणात तीन दिवस ऊन नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तळ्यावरून आली आणि म्हणाली, "आज झाकन लवकरच दिसेनासं झालं. रात्री मोटर लावून द्या."

या वेळी मी काही न विचारता उठलो.