चूक ते गैरसोय

पूर्वी चॉकलेटच्या कागदाखाली चांदी असायची. कागद अलगद सरकवून ती काढायची, नखाने घासून गुळगुळीत करायची आणि इतिहासाच्या पुस्तकात ठेवायची. 2003 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर आपल्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या वड्यांत अळ्या सापडल्या. कंपनीने दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, पण 2004 च्या सुरुवातीला वेष्टनही बदललं. नवं वेष्टन यंत्राने चिकटवलेलं होतं, आणि त्याची हमी द्यायला साक्षात अमिताभ बच्चन आले. वडी सुरक्षित झाली, अलगद सुटी निघणारी चांदी मात्र गेली. माझ्या नातीला ती काय होती हे सांगूनही कळत नाही.

वेष्टनांकडे मी जरा जास्तच बघतो, कारण आयुष्यभर तेच केलं. मुंबईच्या एका उपनगरात परदेशी कंपनीच्या कारखान्यात मी ग्राहकांच्या तक्रारी बघायचो. नाव सांगत नाही, त्यांची ग्रॅच्युइटी खाल्ली आहे. माल पत्र्याच्या डब्यातून जायचा, एवढं पुरे. माझं टेबल प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात होतं आणि पाठीमागच्या कपाटात प्रत्येक बॅचचे दोन डबे राखून ठेवलेले असायचे. तक्रारी यायच्या त्या इनलँडवर, बहुतेक निळ्या शाईत, ‘सा. न. वि. वि.’ने सुरू झालेल्या.

गिरगावातल्या एका बाईंच्या मुलाचं बोट आमच्या डब्याच्या कडेने कापलं. बाईंनी पाकिटातून चक्क झाकणच पाठवलं, बॅच नंबरासकट. साहेबांनी स्वतः उत्तर लिहिलं: चूक आमची आहे. ते पत्र आणि सहा डबे घेऊन मी चाळीचे तीन जिने चढलो. बाईंनी पोहे केले, मुलाने पट्टी बांधलेलं बोट दाखवलं. निघताना त्यांनी विचारलं, “पुढच्या डब्यांच्या कडा घासणार ना?” मी हो म्हणालो.

हा किस्सा मी कित्येक वर्षं अभिमानाने सांगत आलो. त्यातली गोम मला फार उशिरा कळली. डबेवाल्याला मी फोनवर सांगितलं होतं, पण नोंद कुठेच केली नव्हती. त्या बॅचच्या कडेने आणखी किती बोटं कापली, कुणी मोजलं नाही. आमच्या माणुसकीला रजिस्टर नव्हतं.

नव्वदीनंतर रजिस्टर आलं आणि त्याच्या मागोमाग ‘लीगल’ आलं. प्रत्येक तक्रारीला सांकेतिक क्रमांक पडू लागला. वर्षातून एकदा मॉक रिकॉल व्हायचा. कुठलीही एक बॅच निवडायची आणि तिची खोकी कुठल्या गोदामात, कुठल्या वितरकाकडे आहेत ते चार तासांत शोधून दाखवायचं. डबेवाल्याकडून लिहून घेतलं, की त्याच्या दोषाची भरपाई त्याची. विमा उतरवला. एखादं प्रकरण कोर्टाच्या वाटेने जाईलसं दिसलं, की फर्मान यायचं: एक कागदही टाकू नका, आणि मेलमध्ये स्वतःची मतं लिहू नका. माझी पत्रं वकिलाकडून तपासून येऊ लागली. पहिल्याच पत्रातला ‘चूक’ हा शब्द लाल शाईने खोडून वर लिहिलं होतं, ‘गैरसोय’. चूक कबूल केली की कोर्टात ती पुरावा ठरते. गैरसोयीबद्दल दिलगीर व्हायला मात्र पैसे पडत नाहीत.

तेव्हा आणि आता यांतलं अंतर एकाच कंपनीत बघायचं असेल, तर जॉन्सन अँड जॉन्सन बघा. 1982 मध्ये शिकागोच्या परिसरात कुणी तरी तिच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांत सायनाइड भरलं, सात माणसं दगावली. कंपनीचा त्यात हात नव्हता, तरी तिने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि पुढे सीलबंद बाटल्या आणल्या. आमच्या प्रशिक्षणात ही गोष्ट पोथीसारखी सांगत. पोथीत एक अध्याय नसायचा. मृतांच्या नातेवाइकांनी कंपनीवर दावे लावले होते. ते 1991 मध्ये सुनावणीच्या तोंडावर आपसात मिटले आणि रक्कम गुप्त राहिली.

पुढे त्याच कंपनीच्या बेबी पावडरवर अमेरिकेत हजारोंनी दावे झाले, की टाल्कमधल्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग झाला. कंपनीने हे कायम नाकारलं आहे. पण ऑक्टोबर 2021 मध्ये तिने काय केलं? टेक्सासच्या कायद्याने एक नवी उपकंपनी काढली, सगळे दावे तिच्या गळ्यात बांधले आणि तिला दिवाळखोरीत लोटलं. वकिलांच्या बोलीत याला ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणतात. आपल्याकडे याला कर्ज धाकट्याच्या नावावर करून त्याला घराबाहेर काढणं म्हणतील. कोर्टाने हा डाव नाकारला. दुसऱ्यांदा नाकारला. मार्च 2025 मध्ये तिसऱ्यांदा, सुमारे 9 अब्ज डॉलरची तडजोड पुढे केली असतानाही.

मुलुंडलाही जॉन्सनचा कारखाना होता. पुणे-नाशिकच्या नमुन्यांत पीएच जास्त निघाला म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या अन्न व औषध प्रशासनाने पावडरचा परवाना रद्द केला. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत लागलेला वेळ न्यायालयाला खटकला, आणि मुंगी मारायला हातोडा कशाला, असंही त्याने सुनावलं. मला वाटतं, न्यायालयाचं बरोबर होतं. सरकारी कपाटातही रजिस्टर लागतं.

म्हणून ‘आमच्या वेळी’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांत मी पूर्ण सामील होत नाही. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा ग्राहक न्यायालयच नव्हतं. ते आणणारा ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण यायला 2019 चा कायदा लागला, आणि तो लागू झाला जुलै 2020 मध्ये. आता सदोष घडण, सदोष रचना, अपुरी सूचना यांपैकी काहीही दाखवून देता आलं, की भरपाई मागता येते. गिरगावच्या बाईंना पोह्यांच्या बदल्यात सहा डबे मिळाले होते. आज त्या दावा लावू शकल्या असत्या, फक्त ‘चूक आमची आहे’ असं लिहिलेला कागद त्यांच्या हाती पडला नसता.

त्यांच्याकडे झाकण होतं, ते मात्र आजही कामी आलं असतं. तेव्हा डबा भंगारात टाकण्याआधी बॅच नंबरचा फोटो काढा, आणि बिल फ्रीजवर चिकटवू नका, त्यावरची अक्षरं हळूहळू उडून जातात.