शक्तीचा डबा

‘अशक्तपणा’ हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. ज्या आजाराचं नाव घ्यायचं नाही, त्यावर हे पांघरूण घालायचं. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या घरी तर हा शब्द हमखास कानी पडतो. आणि एकदा अशक्तपणा म्हटलं, की पाठोपाठ शक्तीचा डबा आलाच! आमच्या पिंगळीसारख्या गावातही हे डबे आता घरपोच मिळतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नवऱ्यामागे दोन लेकरं सांभाळते, रोजंदारीला जाते. परभणीच्या एआरटी केंद्रातून तिला गोळ्या फुकट मिळतात. परवा विचारायला आली, “गुरुजी, एक जण म्हणतो, १,८०० रुपयांचा डबा दर महिन्याला घेतला की प्रतिकारशक्ती वाढते. मग गोळ्या हळूहळू सोडता येतील म्हणे. घेऊ का?”

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कारण असा प्रश्न आणखी कुणी तरी मनातल्या मनात विचारत असेल.

हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ पेशी मारतो. त्याची वाढ रोखायची ताकद कोणत्याही पावडरीत नाही, ती गोळ्यांतच आहे. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने त्या मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी तिशीतली माणसं डोळ्यांदेखत वाळून गेलेली आपण पाहिली आहेत. आज नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा होतो, आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. गोळ्या सोडल्या की तो पुन्हा डोकं वर काढतो.

डबेवाले अर्धीच गोष्ट सांगतात. टांझानियातल्या एका अभ्यासात, ज्या स्त्रियांना ही औषधं मिळत नव्हती, त्यांचा आजार ब, क आणि ई जीवनसत्त्वांमुळे थोडा सावकाश वाढला. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. उरलेली अर्धी गोष्ट २०१२ ची. त्याच देशात औषधं घेणाऱ्यांना जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले. फायदा दिसला नाही, उलट यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसल्या. दक्षिण आफ्रिकेत तर खुद्द आरोग्यमंत्री लसूण आणि बीटरूटचे गुण गात होत्या. तिथे सरकारने औषधं द्यायला केलेल्या दिरंगाईपायी २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

मग खाण्याला महत्त्व नाही का? आहे, फार आहे! लक्षणं नसली तरी एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसाला सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि लक्षणं असली तर २० ते ३० टक्के, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं. वजन घटणाऱ्या मुलांना तर ५० ते १०० टक्के जास्त लागते. परभणीतच डॉ. पवन चांडक यांची ‘होमिओपॅथिक अकॅडमी ऑफ रिसर्च अँड चॅरिटीज’ ही संस्था एचआयव्ही असलेल्या मुलांना पोषक आहार पुरवत आली आहे. आपल्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. शक्ती हवीच असेल तर ती भाकरीतली घ्यावी!

आणखी एक. हल्ली बहुतेकांच्या गोळीत डोल्युटेग्रावीर असतं. लोह किंवा कॅल्शियम उपाशीपोटी तिच्यासोबत घेतलं, तर ते औषध अंगी नीट लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत, नाहीतर लोह-कॅल्शियम गोळीच्या सहा तास आधी किंवा दोन तास नंतर. म्हणजे शक्तीसाठी आणलेला डबा औषधाचीच शक्ती घालवू शकतो. रक्त कमी असेल तर डॉक्टर लोह देतातच, ते जरूर घ्यावं. पण घरात जे काही घेता, ते केंद्रात सांगावं.

मग आम्ही हिशोब मांडला. १,८०० रुपयांत महिन्याची साठ अंडी, तीन किलो डाळ, दोन किलो शेंगदाणे आणि गूळ येतो, वर काही उरतं. आणि ते तिच्या लेकरांच्याही ताटात पडतं. डबा एकटीचाच असतो, तोही लपवून खायचा.

ती म्हणाली, “गुरुजी, डबा घेतला की वाटतं, आपण काहीतरी करतोय.” हे मात्र मनाला लागलं. आम्ही शेजारीपाजारी तिच्या घरी चहासुद्धा घेत नसू, तर ती डबेवाल्याच्या गोड बोलण्याला भुलणारच. गोळ्या सरकार देतं, डाळ-भाकरी ती कमावते. त्यांच्या जोडीला आपुलकी द्यायची राहिली आहे, ती आपल्याकडून.