वारांची चव

आठवड्याच्या वारांना देव असतात, ग्रह असतात, हे आपण जाणतोच. पण त्यांना चवही असते असे मी म्हटले तर? हसू नका. डोळे मिटून नुसते ‘शनिवार’ म्हणून पाहा. साबुदाण्याच्या खिचडीतील दाण्याच्या कुटाचा वास नाकाशी येतो की नाही? कोल्हापूरकराने ‘रविवार’ म्हणावे, की तांबडा रस्सा त्याच्यापुढे हजर! बुधवार तेवढा बिचारा पोरका. उपवासाच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते; म्हणूनच मासे-मटण खाणाऱ्यांनी त्याला दत्तक घेतले असावे.

घरातील ही वारांची चव हॉटेलांच्या फळ्यावर ‘आज विशेष’ म्हणून कशी जाऊन बसली, याचा मला फार दिवसांचा नाद आहे. तो लागला पुण्यातील एका खानावळीत. कॉलेजात असताना मी तिथला मेंबर होतो. सहा दिवस पातळ आमटी आणि जाड पोळी; पण रविवारी दुपारी फीस्ट! मसालेभात, भजी, जिलबी किंवा श्रीखंड. आम्ही शनिवारी रात्रीपासूनच पोटात जागा राखून ठेवत असू. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिलेल्या असत : ‘रविवारी दुपारी फीस्ट. संध्याकाळी खानावळ बंद.’ आम्ही पहिलीच ओळ वाचत असू.

एकदा मी खानावळवाल्या काकूंना विचारले, “काकू, फीस्ट रविवारीच का हो?”

त्या कढईतील भजी उलटत म्हणाल्या, “अरे, दुपारी तुम्ही तड लागेस्तोवर जेवलात, की रात्री कुणी भूक म्हणून ओरडत येत नाही. आठवड्यातली तेवढीच एक संध्याकाळ मोकळी मिळते मला.”

म्हणजे जिलबी आमची होती, पण सण काकूंचा होता!

पुढे वाचताना ध्यानात आले, की या काकू जगभर पसरलेल्या आहेत. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथे सोमवार हा आठवड्याचे कपडे धुण्याचा वार. सारा दिवस हात साबणाच्या पाण्यात. चुलीपाशी उभे राहायला सवड कुणाला? तेव्हा आदल्या दिवशीच्या मेजवानीतील डुकराच्या मांसाचे हाडूक तांबड्या राजम्यात टाकायचे, भांडे मंद आचेवर ठेवायचे आणि कपड्यांकडे वळायचे. संध्याकाळी भाताबरोबर तोच राजमा. त्या शहराचा सुपुत्र, विख्यात ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग, आपल्या पत्रांच्या शेवटी ‘आपला, राजमा-भातपूर्वक’ अशा अर्थाची गमतीदार सही करी! आता तिथेही घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली. सोमवारची धुणी गेली. पण तिथल्या हॉटेलांतील सोमवारचा राजमा-भात मात्र गेला नाही.

काही वारांना चव दिली ती नेमधर्माने. कॅथॉलिक ख्रिस्ती माणसाला शुक्रवारी मांस वर्ज्य. मग आदल्या दिवशी पोटाला भरभक्कम आधार हवा. म्हणून रोमच्या खाणावळींत गुरुवारी ‘न्योक्की’, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, आणि शुक्रवारी मासे. स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप, पाठोपाठ गोड धिरडी. स्वीडन प्रॉटेस्टंट होऊन काही शतके लोटली. शुक्रवारचा उपास तिथे कुणी धरत नाही. तरी गुरुवारचे सूप उपाहारगृहांतही मिळते आणि सैनिकांच्या भोजनगृहातही.

आता गल्ल्याची गोष्ट. सिनसिनाटी शहरातील कॅथॉलिक वस्तीत लू ग्रोएन नावाचा गृहस्थ मॅकडॉनल्ड्सची शाखा चालवीत असे. शुक्रवार आला की गिऱ्हाईक पाठ फिरवी. त्याने पावात तळलेला मासा घालून विकण्याची परवानगी मागितली. कंपनीचे मालक रे क्रॉक यांच्या डोक्यात मात्र पावात अननसाची चकती घालण्याचे होते. अखेर १९६२ साली एका शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवून पाहायचे ठरले. ग्रोएन सांगे, की अननसाचे खपले सहा आणि माशाचे साडेतीनशे! पुढे १९६६ साली अमेरिकेतील बिशपांनी वर्षभराच्या शुक्रवारांचे बंधन सैल केले. बंधन सुटले, मासा राहिला.

आणि एका वारावर तर चक्क मालकी सांगितली गेली. मक्याची पोळी दुमडून तिच्यात खिमा-भाजी भरली की झाला टॅको. मंगळवारी गिऱ्हाईक रोडावते, म्हणून त्या दिवशी टॅको स्वस्त. ‘टॅको ट्यूजडे’ या नावाची १९८९ साली एका साखळी हॉटेलाने सरकारदरबारी नोंद करून घेतली. दुसऱ्या कुणी फळ्यावर तसे लिहिले, की वकिलाचे पत्र! अखेर एका मोठ्या प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले, तेव्हा २०२३ साली तो हक्क सोडावा लागला. आपल्याकडे ‘शनिवारची खिचडी’ कुणी आपल्या नावावर चढवून घेतली तर काय अनर्थ होईल!

तर वाराला चव देणारे हे तिघे : देवाचा नेम, बाईची सवड आणि मालकाचा गल्ला. पहिले दोघे हळूच निघून जातात. तिसरा मात्र फळा पुसून पुन्हा लिहीत राहतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो लिहितो म्हणून तर जुनी चव टिकते.

पण माझ्या मनाला एक गोष्ट डाचते. आमच्या घरी शनिवार म्हणजे वडिलांचा उपवास. त्यांना वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. आम्हा मुलांना नेहमीचे वरण, भात, पोळी. आई दोन्ही स्वयंपाक करी आणि स्वतःही उपवास धरी. वडिलांच्या जिभेला शनिवारी पालट मिळे. आईच्या हातांना मात्र दुप्पट काम. तिच्या आठवड्यात ‘संध्याकाळी बंद’ ही ओळ लिहायला फळाच नव्हता. काकू खानावळवाल्या होत्या, धंदा त्यांचा होता, म्हणून त्यांना ती लिहिता आली.

हल्ली आमच्या घरी त्या पोरक्या बुधवारी रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, पापड आणि लोणचे असते. खिचडी मी करतो. सौ. पहिला घास घेऊन “मीठ कमी आहे” असे न चुकता म्हणते; पण मीठ आणायला ती उठत नाही. मीच उठतो.