माडीचे व्हिनेगर आणि ॲसेटिक आम्ल

ॲसेटिक आम्ल हे अवघ्या दोन कार्बन अणूंचे सेंद्रिय संयुग असून त्याच्या एका टोकाला मिथिल गट, तर दुसऱ्या टोकाला आम्लपणा देणारा कार्बॉक्सिल गट असतो. पाण्याचा अंश नसलेले शुद्ध आम्ल 16.6 अंश सेल्सिअसखाली बर्फासारखे गोठते आणि कातडी भाजते. स्वयंपाकघरात येते ते मात्र पाण्यात चार-पाच टक्क्यांपर्यंत विरलेले, व्हिनेगर या रूपात. रसायनशास्त्र त्याला सौम्य आम्ल म्हणते, म्हणजे पाण्यात मिसळल्यावर ज्याचे फारच थोडे रेणू फुटून हायड्रोजन आयन सुटे होतात असे आम्ल. पाच टक्क्यांच्या व्हिनेगरात हजारातले चार-पाच रेणूच असे फुटतात आणि बाकीचे अखंड राहतात. हे आम्ल बनवणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे बरेचसे काम या अखंड रेणूंवरच चालते.

व्हिनेगरातले लोणचे टिकते ते याच कारणाने. विद्युतभार नसलेला अखंड रेणू जिवाणूच्या पेशीपटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या स्निग्ध आवरणातून, सहज आत शिरतो. आतले वातावरण जवळजवळ उदासीन असल्याने तेथे तो फुटतो, पेशीतला द्रव आंबट होतो आणि तो आंबटपणा बाहेर लोटण्यातच पेशीची शक्ती संपून तिची वाढ खुंटते. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल पाण्यात पूर्ण फुटलेले असल्याने तेवढ्याच सामूला, म्हणजे तेवढ्याच आंबटपणाला, हे काम तितक्या परिणामकारकपणे करू शकत नाही. भाज्यांना सुटणाऱ्या पाण्याने व्हिनेगर पातळ होते, म्हणून लोणचे घालणाऱ्याने बाटलीवरच्या टक्क्यांपेक्षा बरणीत शेवटी उरणाऱ्या टक्क्यांचा विचार करायला हवा.

गोव्यात हे आम्ल माडावरून येते. रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा कसबी माणूस, न उमललेली पोय (फुलोरा) बांधून तिचे टोक धारदार कोयतीने पातळ तासतो आणि रस गोळा करण्यासाठी व काप ताजा ठेवण्यासाठी दिवसातून तीनदा माडावर चढतो. ताजा रस गोड असतो, पण मडक्यातल्या आणि हवेतल्या यीस्टमुळे काही तासांतच तो फसफसू लागतो आणि त्यातल्या साखरेचे अल्कोहोल होऊ लागते. यालाच गोव्यात सूर आणि तळकोकणात माडी म्हणतात. पुढचे काम ॲसेटोबॅक्टर आणि त्याच्या जवळच्या जातींच्या जिवाणूंचे असते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलपासून आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग आम्ल बनवतात. लुई पाश्चर यांनी 1864 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे काम सजीवांचे असल्याचे दाखवले. यीस्टला साखरेचे अल्कोहोल करण्यासाठी हवा लागत नाही, पण या जिवाणूंना तिच्यावाचून चालत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात भांडे झाकून ठेवणारा कारागीर दुसऱ्या टप्प्यात रुंद तोंडाची बरणी घेतो, ती अर्धीच भरतो आणि चिलटे आत जाऊ नयेत म्हणून तोंडावर फडके बांधतो.

पृष्ठभागावर हळूहळू जिवाणूंची सेल्युलोजयुक्त साय धरते. बरणी हलवली तर ती बुडते, बुडालेल्या जिवाणूंना हवा मिळत नाही आणि काम रेंगाळते. त्यामुळे या धंद्यात हात आवरणे ही मोठी विद्या आहे. मधल्या काळात नखांच्या रंगासारखा उग्र वास येतो, तो आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून होणाऱ्या एथिल ॲसेटेटचा असतो आणि मुरताना बहुधा कमी होतो. खरा धोका शेवटी असतो, कारण अल्कोहोल संपल्यावरही हवा मिळत राहिली तर हेच जिवाणू बनवलेले आम्ल जाळून त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू लागतात. म्हणून तयार व्हिनेगर गाळून बाटल्या तोंडापर्यंत भरून घट्ट बुचाने बंद कराव्या लागतात. तांब्यापितळेची भांडी येथे वर्ज्य मानावीत, कारण आम्ल आणि हवा यांच्या संयोगाने त्यांवर विषारी जंगाल चढते.

जगातले बहुतेक औद्योगिक ॲसेटिक आम्ल मात्र मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून, ऱ्होडियम किंवा इरिडियम हे धातू उत्प्रेरक म्हणून वापरून तयार होते आणि त्यातला मोठा वाटा सुतारकामातल्या पांढऱ्या गोंदासारख्या पदार्थांकडे जातो. त्या आम्लाचा आणि माडीतल्या आम्लाचा रेणू एकच आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. फरक सोबत्यांचा आहे: माडीच्या व्हिनेगरात लॅक्टिक आम्ल, एस्टर आणि अमिनो आम्ले राहतात, म्हणून सॉरपोतेल किंवा विंदालू यांसारखे गोव्याचे मांसाचे पदार्थ त्यात मुरल्यावर जी गोलाई येते ती विरल आम्लाने येत नाही.

या साध्या द्रावणाचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र रुग्णसेवेत झाला आहे. गर्भाशयमुखाला 3 ते 5 टक्के ॲसेटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिट थांबल्यास, जेथे पेशी दाट आणि त्यांची केंद्रके मोठी झाली आहेत तेथील प्रथिने तात्पुरती साकळतात आणि कर्करोगाचा संशय घ्यावा असा तो भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून शहरातल्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातील तपासणीच्या गटात डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही चाचणी केली, आणि 2013 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटलेले आढळले. प्रयोगशाळा आणि निकालासाठीची दुसरी फेरी टाळणारी ही पद्धत गरीब वस्तीत टिकली, याचे श्रेय रसायनाइतकेच त्या सेविकांच्या नजरेला द्यायला हवे. सूज आल्यानेही फिकट पांढरेपणा दिसतो, म्हणून डागाची कड ठळक आहे की विरत जाणारी, हे त्यांना ओळखावे लागते, तेही पांढरेपणा ओसरण्याआधी आणि चांगल्या उजेडात. द्रावण क्षीण झालेले असेल तर डाग उमटतच नाही आणि आजारी स्त्री निरोगी ठरून घरी जाते, म्हणून ते ताजे बनवून वापरण्याचा दंडक पाळला जातो.