भंडारदऱ्याच्या पाण्यावर हवेची होडी

भंडारदऱ्याला गेलेला माणूस तीन गोष्टी करून परततो : धरणाच्या भिंतीवरून पाणी पाहतो, रंधा धबधब्यापाशी फोटो काढतो आणि गरम भजी खातो. पाणी पाहायचे ते काठावरून, हा आम्हा घाटावरच्या लोकांचा रिवाजच आहे. कळसूबाईवर उड्या मारत चढणारा गडी तळ्यात मात्र घोट्याच्या पुढे जात नाही.

आणि पाणी तरी कसे! रतनगडाच्या परिसरात उगम पावलेल्या प्रवरेला शेंडी गावाजवळ अडवून बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्यामागच्या जलाशयाला ‘आर्थर लेक’ असे साहेबी नाव आहे. पावसाळा सरला की हे पाणी डोंगरांच्या पायांशी वळणे घेत थेट रतनवाडीच्या बाजूला, अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिराच्या दिशेने शिरते. ही वळणे रस्त्यावरून दिसत नाहीत. ती पाहायची तर पाण्यातच उतरले पाहिजे.

तेव्हा होडी घ्यायचे ठरले. लाकडी होडी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ठेवायची कुठे? राहता राहिली हवा भरायची होडी, म्हणजे कयाक. सौ.ने वीस हजारांची लक्ष्मणरेषा आखली आणि एक अट घातली : “मुलीला नेणार असाल, तर आधी मला सगळे समजावून सांगा.” बारा वर्षांच्या पोरीचा प्रश्न होता, अट रास्त होती.

वाचकहो, ‘कयाक’ हा शब्द ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचा. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते शिकारीची होडी करीत. परंतु हवेच्या भरवशावर पाण्यात उतरणे आपल्यालाही नवे नाही. पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेली माणसे आपल्या घराघरांत होती. दोन ओंडके किंवा भोपळे जोडून नदी उतरायची ती ‘सांगड’. आपण रोज विचारांची सांगड घालतो, तिचे मूळ असे पाण्यात आहे. सौ.ला हे सांगितले. ती म्हणाली, “व्युत्पत्ती पुरे, फुटली तर काय?”

या प्रश्नातच निवडीचे मर्म होते. चांगल्या होडीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात : दोन बाजूंना दोन आणि तळाला एक. एकाची हवा गेली तरी उरलेले तरंगत ठेवतात. एकच कप्पा असलेले ते खेळणे समजावे. दुसरी गोष्ट रुंदीची. अरुंद होडी वेगाने जाते, रुंद होडी सहसा कलंडत नाही. आम्हाला शर्यत जिंकायची नव्हती. तिसरी, तळाला मागे लावायचा छोटा पंख. तो नसला की प्रत्येक वल्ह्यासरशी होडी तोंड फिरवते आणि माणूस तळ्यात गिरक्या घेत राहतो. कडक सपाट तळाच्या महाग होड्या असतात. त्यांच्या तळाच्या दोन थरांमध्ये हजारो धागे विणलेले असतात. शांत पाण्यावर दोन तास घालवायला तेवढा खर्च करण्याचे कारण नाही.

अखेर दोघांची साधी होडी पसंत केली : लांबी ३१२ सेंटिमीटर, रुंदी ९१, भारक्षमता १८० किलो. छापलेल्या भाराच्या दोनतृतीयांशापुढे जायचे नाही, असा नियम मी घरापुरता केला. म्हणजे १२० किलो. माझे ७२, कन्येचे ४१ आणि पिशवीचे ६ : बेरीज ११९. होडीत जे पैसे वाचले त्यांतून दोन चांगली तरंगती जाकिटे घेतली. स्वस्ताई होडीत करावी, जाकिटात करू नये.

धरणाच्या पाण्यावर कुठे उतरता येते याचे नियम जलाशयागणिक निराळे असतात. आम्ही शेंडीत आधी चौकशी केली आणि भिंतीपासून पुष्कळ दूरचा काठ धरला. सकाळी सातला पंपाने हवा भरली. तीही जराशी कमीच, कारण उन्हात हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो. मग वल्हे पाण्यात पडले. धुके विरत होते, रतनगडाची सावली पाण्यात पडली होती, आणि एक खंड्या निळी रेघ ओढून गेला. कन्या तासभर काही बोलली नाही. ज्यांनी तिला पाहिले आहे त्यांना याचे मोल कळेल.

साडेनऊला वारा सुटला, आणि तोही काठाकडून पाण्याकडे. हवेची होडी हलकी, पाण्याच्या वरच बसते. वारा तिला पानासारखी ढकलतो. काठाकडे येणारा वारा त्रास देतो, काठाकडून जाणारा घात करतो. “बाबा, त्या समोरच्या बेटापर्यंत!” कन्या म्हणाली. मी होडी वळवली. जाताना दहा मिनिटे लागलेले अंतर येताना पंचवीस मिनिटांचे झाले आणि खांदे भरून आले. सौ. काठावर उभीच होती. तिने एक शब्द विचारला नाही. दोर हातात घेतला.

घरी होडी गच्चीवर दोन दिवस वाळवली. ओली घडी घातली तर बुरशी धरते. तिसऱ्या दिवशी सौ.ने स्वतःच्या मापाचे जाकीट मागवले. तिघांची बेरीज १२० च्या पुष्कळ पुढे जाते. तेव्हा पुढच्या खेपेला दोर धरून काठावर उभे राहण्याची पाळी माझी आहे.