पंचवीस वर्षांचं गणित

खराडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय दुखला, की हायब्रिड गाडीची आठवण येते. एका रात्री हिशोबच मांडला. हायरायडरचं स्ट्राँग हायब्रिड कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर देतं, माइल्ड हायब्रिड मॅन्युअल २१.१२. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर ११६ लिटर वाचतात, म्हणजे साधारण १२,००० रुपये. माझ्या कोटेशन्समधला फरक तीन लाखांचा. वसुलीला पंचवीस वर्षं! ट्रॅफिकमध्ये थोडं जास्त वाचेल, पण किती?

बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कांद्याच्या गोण्या किती बसतील रे?"

मी हसलो. मग आठवलं, मंचरच्या बाजारात कांदा नेणाऱ्या त्यांच्या पिकअपनंच माझी इंजिनिअरिंगची फी भरली होती. तिचं इंजिनकाम पैशांअभावी रखडलंय.

मॅन्युअल बुक केली. पाय दुखेल. पिकअप आधी गॅरेजमधून बाहेर येईल.